डाव्या चाकावरचं तोरण

"किशोरी, तुझं तोरण लांब झालंय. चाकाला टेकतंय," आभा म्हणाली.

"लांब कसं होईल? दोन्ही एकाच मापाची ओवलीत."

किशोरीने झेंडूची दोन्ही तोरणं काढून शेजारी शेजारी धरली. अगदी सारखी होती. मग बाबांच्या मिनीबसच्या मागच्या उजव्या चाकावर मडगार्डला बांधलेलं तोरण मोकळं झुलतं आणि डाव्या चाकाला घासतं, हे काय गौडबंगाल? शाळेला सुट्टी लागली होती. उद्या अख्खी आळी याच गाडीने घाट चढून एकवीरेच्या दर्शनाला निघणार होती. मैत्रीण म्हणून आभाला तर खास खांदा कॉलनीतून बोलावलं होतं.

बाबा, म्हणजे काशिराम, ऐकून हसले. "गाडी डावीकडं कलली होती, ती गॅरेजवाल्या हरेशनं कालच सरळ केली. थांब, दाखवतो." त्यांनी टेप लावून जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजलं. आकडा एकच आला. "उगाच शंका नाय काढायची. हरेश माझा लहानपणचा दोस्त हाय."

बाबांचा टेप खोटं बोलत नव्हता, पण तोरणही खोटं बोलत नव्हतं. नेमकी मागच्या सीटवर चंद्रावती आत्या तान्ह्या बाळाला घेऊन बसणार होती. घाटातली वळणं आठवली आणि किशोरी पुन्हा डाव्या चाकाशी वाकली.

"जमिनीपासून मोजलं की चाकही त्यात येतं," ती हळूच म्हणाली. "आपण चाक सोडून मोजू."

"झाली गाडीची डॉक्टर!" चुलतभाऊ जीवन चिडवत म्हणाला, पण तोरणाचा उरलेला दोरा त्यानेच आणून दिला.

उजव्या चाकाच्या मधोमध दोऱ्याचं टोक धरून त्यांनी मडगार्डपाशी गाठ मारली. तोच दोरा डावीकडे लावला, तर सैल पडला. मग चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजलं. तिथे डावं चाकच उंच निघालं.

"टायर मोठा घातलाय," आभा म्हणाली. "गाडी खाली बसलीय ते झाकायला."

जीवनने खाली वाकून टॉर्च मारला. चाकावर गाडी तोलणाऱ्या पोलादी पाट्यांमधला एक चक्क तुटलेला होता.

बाबांनी हरेशला बोलावलं. तो दोरा बघून त्याचा चेहरा उतरला. "नवा पाटा तळोज्यावरून यायचा हाय. तुमचं दर्शन चुकू नये म्हणून टायर बदलला. वाटलं, एका फेरीला चालून जाईल."

बाबा म्हणाले, "दोन दिवस उशीर झाला तर एकवीरा आई रागावली नसती, हरेश."

जाणं पुढे ढकललं. नवा पाटा आणि जुन्या मापाचा टायर बसला. निघायच्या सकाळी सगळे गाडीजवळ जमले, तरी बाबांनी कुणाला चढू दिलं नाही.

"किशोरी, दोरा घे."

आत्याने बाळाला खांद्यावर घेतलं आणि किशोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुज्यामुलं आमी सुखरूप जातूय, पोरी."

दोऱ्याचं दुसरं टोक धरायला हरेश स्वतः डाव्या चाकाशी उकिडवा बसला. गाठ दोन्हीकडे बरोबर जुळली.

"तुजी पोर 'चला' म्हणंल, मंगच गाडी काढ," हरेश बाबांना म्हणाला.

दोन्ही तोरणं मोकळी झुलत होती. किशोरीने पुन्हा एकदा वाकून पाहिलं आणि मग म्हणाली, "चला."