मशीनची मूठ

कार्डं सांडली ती तुंगार्लीच्या चढावर, आणि संशय तिथूनच सुरू झाला.

भाद्रपदातलं धुकं. ओली सडक. हिराच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात डबा, आणि बगलेत भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. रबर तटकन तुटलं. कार्डं रस्ताभर... जणू कुणी पत्त्यांचा डाव उधळला. मागून येणारा एक उंच तरुण काही न बोलता वाकला, एकेक कार्ड उचललं, शर्टाला पुसलं आणि गठ्ठा तिच्या पुढ्यात धरला.

"घ्या. क्रमानं लावलीत."

हिराने वरची कार्डं चाळली. खरंच क्रमाने होती.

"क्रम कसा कळला तुम्हाला?"

"वाचून."

"म्हणजे माझी कार्डं वाचलीत?"

"वाचल्याशिवाय क्रम कसा लागणार?" तो हसला. गालावर पावसाचा एक थेंब होता, तोही हसण्याबरोबर सरकला. "पुढच्या वेळी गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारून ठेवा. मग कुणाला वाचावी लागणार नाहीत."

इतकं सरळ बोलणारा माणूस — हिराने तिथल्या तिथे ठरवलं — सरळ असणार नाही.

*

आता एवढं सांगायला हवं.

चिंचवडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर येणार होता. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. त्यासाठी कारखान्याच्या तुंगार्लीतल्या बंगल्यावर प्रोग्रामिंगचा वर्ग भरत होता. हिरा टायपिस्ट, वडिवळ्याची. रोज कामशेतहून गाडीने लोणावळ्याला यायची आणि तिथून चालत. तो उंच तरुण म्हणजे सोपान, स्टोअरमधला कारकून, इंदुरीचा. वर्गात तो तिच्या मागच्याच बाकावर निघाला.

(मागच्याच! म्हणजे पाठीमागून सगळं दिसणार.)

शेवटच्या आठवड्यात सरांनी सांगितलं, "प्रत्येकाने एक छोटं कोडं तयार करायचं. कार्डावर काही शब्द, आणि मशीनने प्रत्येक शब्दातली अक्षरं मोजायची. सोबत ती मोजायच्या सूचना. पुढच्या तुकडीची परीक्षा आपण त्याच कोड्याने घेऊ. ज्याचं कोडं उत्तम, तो मशीनच्या खोलीत. बाकीचे आले तिथे परत."

आले तिथे परत. हिरासाठी ते 'तिथे' म्हणजे टायपिंगची लांब खोली, आणि दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं. 'आपला विश्वासू' हे शब्द तिने इतक्यांदा बडवले होते की तिचा विश्वासावरचाच विश्वास उडाला होता. तिला एकदाच, एकदा तरी, स्वतःचं काहीतरी चालताना बघायचं होतं.

"आणि एक," सर म्हणाले. "कोडं आधी माणसावर चालवून बघा. एकाने मशीन व्हायचं. लिहिलंय तेवढंच करायचं, आपली अक्कल लावायची नाही, चूक दिसली तर बोलायचं नाही. बोललात तर दोघांचीही कोडी बाद."

सगळे आपापल्या कोड्यात बुडालेले. हिराचं मशीन व्हायला कोण तयार होणार?

"मी होतो," मागच्या बाकावरून आवाज आला.

होणारच! हिराच्या मनात पाल चुकचुकली.

*

सूचना. अक्षर आलं, की एक चिंचोका उचलून मुठीत घे.
सूचना. रिकामं घर आलं, की मूठ उघड, ढीग मांड.
सूचना. पुढच्या घरावर जा.

चिंचोके अंबूमावशींचे. मावशी बंगल्यावर स्वयंपाक करायच्या, चिंचोके नातीसाठी साठवायच्या. "मोजून न्या आन् मोजून आना," एवढीच त्यांची अट.

शेवटच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात सोपान मांडी घालून बसला. समोर हिराचं कार्ड. कार्डावर ऐंशी घरं, एका घरात एक अक्षर. मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत तिने गावांची नावं भरली होती — कामशेत, वडिवळे, तुंगार्ली...

"इंदुरी?" सोपानने भुवई उंचावली. "आमचं गाव कसं काय घेतलंत?"

"अक्षरं बरी बसत होती."

"तळेगावचीही बसली असती."

"मशीन फार बोलतं."

"अजून चालू कुठं केलंत?"

हिराने कार्डावर पेन्सिल टेकवली. "चालू!"

आणि तो खरोखर मशीन झाला. डोळे कार्डावर, चेहरा कोरा. अक्षर... चिंचोका. अक्षर... चिंचोका. रिकामं घर... मूठ उघडली, ढीग पडला. बोटं लांबसडक होती. स्टोअरमध्ये शाई लागून लागून अंगठ्याला निळी छटा आलेली. हिरा ढीग बघायचं सोडून अंगठा बघतेय हे तिच्या लक्षात आलं, आणि नेमकी तेव्हाच जेवणाची घंटा झाली.

"चाललं की सगळं!" ती उठली. फरशीवर ढिगांची छान रांग लागली होती. ती तिने डोळे भरून पाहिली. मोजली नाही.

सोपान काहीच बोलला नाही. जेवायला उठला, उजवी मूठ मिटलेली.

*

"पोरी," अंबूमावशी चुलीपाशी कुजबुजल्या, "त्या इंदुरीवाल्याच्या मुठीत काय हाय गं?"

"कुठल्या मुठीत?"

"उजव्या. डाव्या हातानं जेवला माज्या फुडं. असं कुनी करतं व्हय? शेवटी चमचा दिला त्येला, सायबाला द्यावा तसा. लागलंय का म्हनलं, तर मुंडी हालवली. गरम तव्यावरनं भाकर उचलाया सांगितली, तरी मूठ उघडली न्हाई."

"आणि बोलला काय?"

"त्येच तर! सकाळपासनं जीभ गिळल्यावानी गप हाय." मावशींनी राख झटकली. "माजा म्हेवना असाच मूठ झाकून हिंडायचा. त्यात तमाशाचं तिकीट निघालं. पुरुषाची मिटल्याली मूठ लय वाईट बग."

हिराला एकदम उलगडलं. चिठ्ठी! आपलं कोडं उतरवून घेतलंय. कार्डं वाचणारा तो, मागच्या बाकावर बसणारा तो, न सांगता मशीन व्हायला पुढे येणारा तो...

संध्याकाळच्या चहाच्या आत कोडी द्यायची होती. सरांच्या खोलीचं दार दहा पावलांवर. जाऊन सांगितलं की संपला सोपान.

ती दारापर्यंत गेली. हात वर केला.

कडी वाजवली नाही.

का, ते तिलाच कळलं नाही. आधी डोळ्यांनी बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. (शाईचा अंगठा. तो तिने स्वतःला सांगितला नाही.)

*

तो बंगल्यामागच्या तलावाच्या कठड्यावर बसला होता. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, नुसतं चुबुक चुबुक ऐकू येत होतं. भुरभुर पावसाने त्याचे केस पांढरे दिसत होते — म्हातारपणी कसा दिसेल ते हिराला विनाकारण दिसलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"मुठीत काय आहे?"

"—"

"माझं कोडं आहे ना?"

त्याने मान हलवली. हो की नाही, कळेल तर शपथ!

"उघडा."

"—"

"मी सरांकडे जातेय. खरंच जातेय."

"—"

"अहो, निदान नाही तरी म्हणा!"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात चोरी नव्हती. वाट होती. एखादा माणूस वाट बघतो ना... पुढचं काहीतरी यायचंय, आल्याशिवाय हलायचं नाही, तसं.

कशाची वाट?

हिराने पिशवीतून कार्ड काढलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. मूठ केव्हा उघडायची? रिकामं घर आलं की. गाव, रिकामं घर. गाव, रिकामं घर. शेवटच्या गावानंतर चार घरं उरली होती. चार घरं मोकळी सोडायची? वडिवळ्यात भात लावताना बांधाला टेकेपर्यंत रोप लावतात. वीतभर चिखल सुटला की आई वरच्या खाचरातून ओरडायची, "हिरे, ती जागा काय बेडकाला ठिवलीस?" तीच सवय. त्या चार घरांत तिने आपलं नाव लावून टाकलं होतं. एच, आय, आर, ए. अगदी बांधापर्यंत.

पुढे रिकामं घर नव्हतंच.

म्हणून मूठ —

"अगं बाई," हिरा म्हणाली.

सोपानच्या ओठांचा एक कोपरा हलला. मशीनला तेवढंही करायला परवानगी नव्हती.

तिने कठड्यावर कागद ठेवला, पावसाला पाठ केली आणि सूचनांखाली आणखी एक लिहिली. मग मोठ्याने वाचली.

"सूचना. कार्ड संपलं... तरी मूठ उघड."

मूठ उघडली.

तळहातावर चार चिंचोके. घामाने चकचकीत झालेले. आणि चामडीवर त्यांचे चार लालसर खळगे.

"सकाळपासून?" हिरा खळग्यांकडे बघत म्हणाली. "सकाळपासून माझं नाव धरून बसलात?"

"बोललो असतो तर तुमचं कोडं बाद झालं असतं." त्याने बोटं मोकळी केली, कडकड वाजली. "आणि खाली ठेवलं असतं, तर चालतंय असंच वाटलं असतं तुम्हाला."

"मी तुम्हाला चोर समजले."

"ठाऊक आहे. चढावरच समजलात."

"आणि तुमचं कोडं?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "उजव्या हातानंच लिहितो मी."

*

(निकाल इथेच सांगतो, मधेच. हिराने कार्ड बदललं नाही, बांधापर्यंतच ठेवलं. पुढच्या तुकडीला नुसतं कार्ड दिलं, सूचना ज्याने त्याने लिहायच्या होत्या; त्यातले हुशार हुशार लोक शेवटच्या शब्दापाशी मूठ मिटून बसले. हिरा मशीनच्या खोलीत गेली. सोपान स्टोअरमध्ये परतला. त्याच्या कोड्यावर सरांचा शेरा होता : फारच सोपं. तो वाचून सोपान म्हणाला होता, "मलाही आधी तसंच वाटलेलं." आणि स्टोअरपासून मशीनची खोली एक अंगण ओलांडलं की होती.)

*

पण अजून चहा व्हायचा होता. कोडी अजून द्यायची होती.

"सांगा," हिरा कठड्यावर बसली, पेन्सिल सरसावून. "आता मी मशीन. तुम्ही सांगाल तेच लिहिणार. अक्कल लावणार नाही, बोलणार नाही."

"बघा हं. जमेल?"

"—"

"बरं. सूचना तुमच्याच घ्या, पहिल्या तीन. कार्डावर एकच शब्द."

पेन्सिल थांबली.

"एच," तो म्हणाला.

पेन्सिल चालली.

"आय." धुक्यात कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. "आर. ए."

तिने चारही अक्षरं लिहिली. वर पाहिलं नाही. कान मात्र तापले होते.

"बाकीची सगळी घरं रिकामी ठेवा," सोपान हळूच म्हणाला. "माझं मशीन त्या एका शब्दापाशी मूठ उघडेल... आणि मग पुढं कितीही वाट बघायला लागली, तरी बघेल. काही घाई नाही. तुला — तुम्हाला — कधी काही भरावंसं वाटलं तर जागा आहे."

मशीनला बोलायची परवानगी नव्हती. हिराने नियम मोडला नाही. तिने त्याच्या तळहातावरचे चार चिंचोके एकेक करून उचलले. एक... दोन... तीन... शेवटचा उचलताना बोटं त्या लाल खळग्यावर गरजेपेक्षा जरा जास्तच थांबली. मग तिने मूठ मिटली.

बंगल्यावर अंबूमावशी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. दोघं धुक्यातून एका छत्रीखाली येताना त्यांना दिसली. सोपानने उजव्या हाताने कप घेतला. मावशींचा जीव भांड्यात पडला.

हिराने डावा हात पुढे केला.

मावशींनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग सोपानकडे. मग पुन्हा हाताकडे.

"आता माज्या कर्मा," त्या म्हणाल्या. "हिचीबी मूठ उघडंना!"