इद्रिसची लवंग

नवव्या दिवशीही नुरैनचा ताप उतरला नाही, तेव्हा तिची आई रुगाया चढावर लेकीची लवंग बघायला गेली. तिदोरे बेटावर मूल जन्मलं की त्याच्या नावानं लवंगेचं एक रोप लावतात, आणि मूल गेलं तर त्याच दिवशी ते झाड तोडतात. रुगायाचा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. दवाखान्यातल्या गोळ्या ती वेळच्या वेळी देत होती. पण गुण येईना, आणि घरात नुसतं बसवेना.

आठ वर्षांच्या पोरीचं झाड पार बोडकं झालं होतं. लवंग अशी कधी झडत नाही. तिनं खोड तपासलं, बुंध्याशी उकरून पाहिलं. कीड नव्हती, बुरशी नव्हती. माती मात्र शेजारच्या झाडाच्या मुळांनी गच्च भरलेली.

शेजारी झाड असायलाच नको होतं. ती धाकट्या लेकाची, इद्रिसची लवंग. तिसरं वर्ष लागलं आणि तो गेला, त्याला आता दोन वर्षं झाली. झाड तोडल्याचं नवऱ्यानं, हासिमनं, शपथेवर सांगितलं होतं. त्यानंतर ती इकडे फिरकलीच नव्हती. झाड हिरवंगार होतं, कळ्यांनी लगडलेलं.

हासिम मागोमाग आला. कळ्या धरलेल्या लवंगेपाशी टोपी काढतात, गरोदर बाईपाशी बोलावं तसं हळू बोलतात. त्यानं टोपी काढली. दोघं कुजबुजत भांडली.

"शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"कोयता उचलला होता गं. हातच चालेना."

"आणि ही मरतेय ती? ती कुणाची?"

"कळ्या धरल्यात, रुगाया. आत्ता नको. पाया पडतो तुझ्या."

तिनं त्याच्या कमरेचा कोयता ओढला. सातव्या घावाला झाड पडलं. कापलेल्या बुंध्याला हात लागला, तर तो तापलेल्या कपाळाएवढा गरम.

ती धावत घरी आली.

नुरैन उठून बसली होती. कपाळ गार. रुगायाला रडू आवरेना. तिनं सागोची पेज माशाच्या रश्शात कालवली आणि पोरीला भरवायला घेतली. पोर भुकेजल्यासारखी खात होती.

चौथ्या घासाला तिनं घरभर नजर फिरवली.

"आई, ताई कुठंय?"

या घरात नुरैनला ताई म्हणणारं एकच माणूस होतं.



रुगायाचा हात हवेतच थांबला. मग तिनं लेकराच्या तोंडाला लागलेली पेज ओढणीनं पुसली.

"येईल हं," ती म्हणाली. "आ कर."