पुरस्कार क्रमांक सात

वणीत कशावरही बोट फिरवलं की बोट काळं होतं. कोळशाच्या ट्रकांची मेहेरबानी! म्हणून टॉकीजबाहेरच्या शोकेसची काच पुसायला उर्वशी घरूनच एक चिंधी आणायची, ब्लाउजच्या अस्तराची, मऊ. काचेमागे तिची यादी होती : 'उर्वशीचे पुरस्कार'. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी लागलेली. आज जानेवारीतला पहिला रविवार.

काच पुसून ती आपल्याच अक्षराकडे कौतुकानं बघत होती... आणि थबकली. यादीच्या तळाशी, तिच्या निळ्या शाईखाली, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं —

'पुरस्कार क्रमांक सातला हरकत आहे. असा शेवट सिनेमात नाही. पण आहे त्यापेक्षा लय चांगला आहे.'

उर्वशीनं पटकन आजूबाजूला बघितलं, कुणी वाचलं तर नाही ना.

कारण हरकत खरी होती.

उर्वशी मारेगाव रस्त्यावरच्या एका फाट्याच्या गावात शिवणकाम करायची. दर रविवारी दोरे, अस्तर, फॉल आणायला वणीला यायची आणि बाबांना न सांगता तीनचा खेळ बघायची. वर्षभर बघितलेल्या सिनेमांना वर्षाच्या शेवटी स्वतःचे पुरस्कार द्यायची. पहिल्या वर्षी टॉकीजच्या मालकांनी यादी वाचली, पोट धरून हसले आणि म्हणाले, "लावा बाहेर, शोकेसमध्ये!" तेव्हापासून चार वर्षं यादी लागत होती. 'मार खाऊनही केस न विस्कटलेला नायक.' 'खराखुरा तेलकट ओटा असलेलं स्वयंपाकघर.' 'गोळी लागल्यावर सर्वांत जास्त वेळ बोललेला बाप.' लोक थांबून वाचायचे, कॉलेजच्या पोरी फोनमध्ये फोटो काढायच्या. गावात ती ब्लाउजवाली उर्वशी होती. वणीत 'पुरस्कारवाली ताई'. तिच्या मताला कुणीतरी किंमत द्यावी अशी जगात एवढीच एक जागा होती.

आणि सातवा पुरस्कार असायचा 'उत्कृष्ट शेवट'. लोकांचा सर्वांत आवडता.

आता गंमत अशी, की उर्वशीनं चार वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. तिची शेवटची एसटी सहा पाचला. फाट्यावर तिचे बाबा टॉर्च घेऊन उभे असायचे. गाडी आली आणि पोरगी उतरली नाही, तर ते तिथेच उभे राहिले असते, सकाळपर्यंत. त्यामुळे पावणेसहा झाले की उर्वशी उठायची. उरलेला सिनेमा ती एसटीच्या खिडकीशी बसून स्वतःच रचायची. फाट्यावर पोचेपर्यंत सिनेमा संपलेला असे.

यंदाचा सातवा पुरस्कार असाच होता. नायिका नायकाकडे परत येते, राहिलेली छत्री मागते, आणि तो ती देतच नाही. दिली तर ती जाईल ना! उर्वशीला स्वतःलाच तो शेवट इतका आवडला होता, की फाट्यावर उतरताना तिचे डोळे ओले होते.

पण हे कुणाला कळलं कसं?

भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या मागून एक भलतंच कुतूहल आलं आणि ते काही केल्या जाईना. शोकेसला कुलूप असतं. म्हणजे लिहिणारा आतलाच.

किल्ली गेटकीपर पूनमसिंगच्या कमरेला होती.

"काका, शोकेस कोण उघडली होती?"

"जो मांगते त्याले देतो मी किल्ली. कोणी पोस्टर लावते, कोणी झाडते. काहून?"

"काही नाही... काका, त्या छत्रीवाल्या सिनेमाचा शेवट कसा होता जी?"

पूनमसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "शेवट? शेवटाले मी मोटरसायकल स्टँडवर गाड्या काढून देत असतो. पब्लिक पंधरा मिनटं आधीच उठते ना! नाही तं गाडी मधात अडकून राह्यते."

समोशाच्या गाडीवरची वच्छलाबाई म्हणाली, "शेवट कायचा माय, तवा माही कढई घासनं चालू असते."

उर्वशीनं आणखी तिघा-चौघांना विचारलं. एकालाही शेवट माहीत नव्हता! सगळ्यांना आपापली मोटरसायकल प्यारी. तिला हसू आवरेना. चार वर्षं आपली चोरी पकडली गेली नाही ती आपल्या हुशारीमुळे नव्हे, वणीच्या पार्किंगमुळे!

मग... हॉलमध्ये शेवटपर्यंत राहतं तरी कोण?

त्या दिवशी खेळ चालू असताना तिनं पहिल्यांदा पडद्याकडे पाठ फिरवून मागे बघितलं. वर, भिंतीत, एक चौकोनी खिडकी. तिच्यातून निघालेला उजेडाचा झोत. आणि झोताच्या बाजूला अंधारात कुणीतरी... हललं का?

त्या रविवारी निघताना तिनं पूनमसिंगच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी ठेवली. "यादीच्या मागं खुपसून द्या."

"कोणासाठी?"

"ज्याची त्याले समजीन."

चिठ्ठीत होतं : 'हरकत घेणाऱ्यानं नाव सांगावं. आणि खरा शेवट काय होता, तेही.'

पुढच्या रविवारी यादीमागे उत्तर : 'खरा शेवट : नायक छत्री कुरिअरनं पाठवतो. मग गाणं. नाव शेवट पाहिल्यावर सांगीन. थांबणार?'

छत्री कुरिअरनं! उर्वशीला त्या नायकाचा संताप आला. तिनं तिथल्या तिथे लिहिलं : 'थांबता येत नाही.'

तिसऱ्या रविवारी : 'माहीत आहे. पावणेसहाला उठता. डाव्या हातात पिशवी, उजव्या हातात चपला... आवाज होऊ नये म्हणून.'

चिठ्ठी वाचताना तिचे कान तापले. चपलांचं तर आईलाही माहीत नव्हतं! ती चिठ्ठी ब्लाउजच्या मापांच्या वहीत लपवत होती, तेवढ्यात कॉलेजच्या दोन पोरी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, सात नंबर खोटा आहे काय व? पेन्सिलीनं लिहिलं आहे ना कोणी. सारे विचारून राह्यले."

"पाहते," उर्वशी म्हणाली आणि चपला पायात असूनही अनवाणी असल्यासारखी आत पळाली.

चौथ्या रविवारी टॉकीजमध्ये आक्रीत घडलं. जाहिराती लागल्याच नाहीत. इंटरवल झाला आणि चार मिनिटांत संपला! लोक लघवीच्या रांगेतून धावत आले. वच्छलाबाई हातात झारा घेऊन थेट हॉलच्या दारात. "माहे ऐंशी समोसे आता कोण खाईन? वरतं बसून राह्यला थो?" अर्धा हॉल शिट्ट्या मारत होता. उर्वशी घड्याळाकडे बघत होती. आज हे काय चाललं होतं?

पाच पंचवीसला लोक मोटरसायकलींकडे धावले. पाच चाळीसला पडद्यावर 'समाप्त' आलं. रिकाम्या हॉलमध्ये उर्वशी एकटी बसून आयुष्यातला पहिला शेवट बघत होती. नायक-नायिका विमानातून हात हलवत होते. कुणाला ते काही कळलं नाही. इतका भिकार शेवट! तिला हसू आलं.

दिवे लागले. चौकोनी खिडकीतून आवाज आला, "पंचवीस मिनटं आहेत तुमच्या गाडीले."

ती लोखंडी जिना चढली. वरच्या खोलीत मशीन गरगरत होतं. त्याच्याजवळ एक उंच, सावळा तरुण उभा होता, कानामागे पेन्सिल.

"मी संघदीप. नाव सांगीन म्हटलं होतं ना."

"इंटरवल तुम्हीच खाल्ला?"

"हाव... समोसे बी मलेच खा लागतीन आता." तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "मालकानं चांगलं झापलं. पुढल्या रविवारी नाही जमणार. पण एक शेवट तं तुम्हाले दाखवाचा होता."

"काहून?"

संघदीप मशीनकडे बघत बोलू लागला. "चार वर्षं झाले मी अठी. दिवे लावाले कोणी तरी लागते, म्हणून सारे शेवट मीच पाह्यतो... एकटाच. सारे लोक गाड्यांसाठी उठतेत, तुम्ही त्याच्याबी आधी उठता. आणि तुम्ही उठल्या, का मले सिनेमा तठीच संपल्यावानी वाटते." त्यानं मशीनचं बटण बंद केलं. "मंग डिसेंबरात तुमची यादी लागते. तिच्यातले शेवट वाचून वाटते, का मी जे पाह्यलं थे खोटं, आणि हेच खरं."

बाहेर एक ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली. उर्वशीनं चौकोनी खिडकीतून खालच्या आपल्या खुर्चीकडे बघितलं. चार वर्षं आपण अंधारात दबक्या पावलांनी निघत होतो आणि कुणीतरी ते जीव लावून बघत होतं... तिला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

"मंग हरकत कायले घेतली? पोरी विचारून राह्यल्या आता."

"तुम्ही वर पाहावं म्हणून," तो खाली मान घालून म्हणाला. "चुकलंच माह्यं. मी खोडून टाकतो. साऱ्याइले सांगतो, का मीच झोपलो होतो, सात नंबर बरोबर आहे. अठी दुसऱ्या कोणं पाह्यला शेवट?"

खरंच. एकच साक्षीदार होता आणि तो फितूर व्हायला तयार होता. उर्वशी काही बोलणार, तेवढ्यात तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं, आणि ती जिना उतरून पळत सुटली. गाडी मिळाली. दोऱ्यांची पिशवी मात्र वरच राहिली.

त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी तिनं कुठलाच शेवट रचला नाही. तो आपल्यासाठी खोटं बोलेल, हे तिला आवडलं होतं. इतकं आवडलं होतं, की ते त्याला बोलू देणं तिच्या जिवावर आलं.

फाट्यावर टॉर्च हलला. दोघं चालू लागले.

"बाबा... मी दर रविवारी सिनेमा पाह्यते."

"मले माहीत नाही काय?" बाबा म्हणाले. "दोऱ्याच्या रिळाले चार घंटे लागतेत काय व?"

"पण गाडीसाठी उठा लागते. आजचा सोडून एकाचाबी शेवट नाही पाह्यला."

बाबा जागीच थांबले. "एकाचाबी नाही? आणि तिकीट पूर्ण?"

"हाव."

"मंग सांगाचं नाही काय मले!" ते खरोखरच चिडले होते. पोरीनं सिनेमा बघितल्याचा राग नव्हता. अर्धवट बघितल्याचा होता.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोखालच्या शिलाई मशीनवर बसून उर्वशीनं एक कागद लिहिला. चारदा फाडला, पाचव्यांदा ठेवला. रविवारी तो शोकेसमध्ये यादीशेजारी लागला.

'दुरुस्ती. पुरस्कार क्रमांक सात, चारही वर्षांचे, परत घेत आहे. माझी गाडी सहा पाचची असल्यानं त्यातला एकही शेवट मी पाहिलेला नाही. ते सर्व मी रचलेले होते. हरकत घेणाऱ्याची हरकत बरोबर आहे. — उर्वशी'

कागद लावून ती बाजूला झाली. लोक जमले, वाचू लागले. तिनं डोळे मिटून घेतले.

"म्हंजे," पूनमसिंग हळूच म्हणाला, "थे नायकाचं माफी मांगनं बी नव्हतं? मागच्या वर्षीचं? मी तं बायकोले सांगितलं होतं, का मी सोता पाह्यलं!"

"मीबी," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "मीबी सांगितलं होतं सासऱ्याले." आणि बघता बघता सगळे हसू लागले, उर्वशीला नव्हे, एकमेकांना. कॉलेजची पोरगी म्हणाली, "ताई, नाव बदलवा फक्त. 'उत्कृष्ट रचलेला शेवट'. बंद नका करू."

त्या दिवशी उर्वशीच्या शेजारच्या खुर्चीवर बाबा होते. गावातल्या शामची ऑटो त्यांनी परतीसाठी सांगून ठेवली होती. इंटरवल पूर्ण पंधरा मिनिटांचा झाला आणि बाबांनी तीन समोसे खाल्ले. पावणेसहा वाजले. उर्वशी उठली नाही. लोक गाड्यांकडे गेले, बाबा पडद्याकडे टक लावून बसले... आणि सिनेमाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, ज्यांच्यासाठी तिनं चार वर्षं वाट पाहिली होती, ती वळून मागच्या चौकोनी खिडकीकडे बघत राहिली. झोताच्या बाजूला तो होता. तोही पडद्याकडे बघत नव्हता.

दिवे लागायला त्या दिवशी अंमळ उशीरच झाला.

संघदीप जिना उतरून खाली आला. बाबांना "जय भीम" घातला. मग तिला विचारलं, "कसा होता शेवट?"

"नाही पाह्यला."

"आता काहून?"

"मागं पाह्यत होती." बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. गाल तापले, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. एवढी एक दुरुस्ती तिला करायची नव्हती.

"म्या पाह्यला," बाबा उठता उठता म्हणाले. "एकदम बेकार. ऑटो पाह्यतो मी." आणि दोघांकडे एकदा नीट बघून ते सावकाश दाराकडे चालू लागले, मुद्दाम सावकाश.

रिकाम्या हॉलमध्ये दोघंच उरले.

"माही दोऱ्याची पिशवी राह्यली वरतं," उर्वशी म्हणाली. "द्या ना."

संघदीपनं कानामागची पेन्सिल काढली, हातात फिरवली, परत ठेवली.

"नाही देत."

तिनं वर बघितलं. आणि तिला तिचाच शेवट ओळखू आला.

"दिली तं तू जाशीन," तो म्हणाला.

बाहेर शामच्या ऑटोचा हॉर्न वाजला. उर्वशी खुर्चीच्या पाठीवर बोट फिरवत म्हणाली, "ठेव मंग तुह्याजवळच. पुढल्या रविवारी दोरे पाहाले येईन... आणि त्याच्या पुढल्याबी."

बोट काळं झालं होतं. तिनं ते त्याच्या बाहीला पुसलं आणि हसत, चपला वाजवत, दाराकडे निघाली.