डिस्प्लेच्या दोन ओळी

आधीच सांगते, यात तिखटमीठ लावलेलं काहीही नाही. भुताखेतांच्या गोष्टी म्हणजे ज्यांना नुसती करमणूक वाटते, त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. हे वऱ्हाडातल्या उंद्रीत घडलं, माझ्या मामेबहिणीच्या घरात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.

रात्रबित्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

माझी बहीण प्रतिमा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. त्याआधी आठ महिने तिचा नवरा उद्धव विहिरीत उतरून मोटरीच्या वायरी जोडत होता. लाईन गेलेली होती. अचानक लाईन आली, वायरीत करंट उतरला आणि तो जागच्या जागी गेला.

लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारा एक खटका असतो. त्याला सगळे ऑटो म्हणतात. उद्धव तो बंद केल्याशिवाय विहिरीत पाऊल टाकायचा नाही.

म्हणजे वर स्टार्टरच्या खोपीत जाऊन कुणीतरी तो चालू केला होता.

कुणी?

गाव म्हणालं, नशीब. धाकटा दीर गोपाल म्हणाला, "वहिनी, गेला माणूस वापस येते काय? सोडा आता."

सोडा म्हणे! प्रतिमाच्या डोक्यात तिडीक जायची. तिला ते एक नाव हवं होतं. बाकी कशातच तिला रस उरला नव्हता.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तिनं एक छोटा कम्प्युटर घरी आणला होता. पत्त्यांच्या कॅटएवढी उघडी पाटी. तिला एक डिस्प्ले जोडायचा होता. दोन ओळी, एका ओळीत सोळा अक्षरं, बस. चार वायरी, दोन करंटच्या आणि दोन निरोपाच्या. मराठी अक्षरं त्यावर नीट उमटत नाहीत, म्हणून तिनं प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अक्षरांत नमस्कार लिहिलं.

पडदा निळा झाला. पण कोराच.

मागे अक्षरं गडद करायचा बारीक स्क्रू असतो. तिनं तो फिरवला.

हळूहळू वरच्या ओळीत काहीतरी दिसू लागलं...

KAUN

कौन?

तिनं प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासला. असा शब्दच नव्हता त्यात. चडफडत तिनं निरोपाच्या दोन्ही वायरी उपटल्या. सगळं बंद करून डिस्प्लेला नुसता करंट दिला. आता एका ओळीत भरीव चौकोन यायला हवेत, दुसरं काही नाही.

बाहेर पिठाची चक्की चालू होती. तिचा आवाज एकदम ऐकू येईनासा झाला.

खोलीत ओल्या मातीचा वास आला. मग जळक्या वायरीचा...

K... A... U... N...

एकेक अक्षर, थांबून थांबून.

कुणीही किंचाळून पळालं असतं. प्रतिमा उद्धववरच भडकली.

"कौन काय विचारता मला? आठ महिने मी तेच विचारतेय सगळ्यांना! तुम्ही तिथे होतात ना? मग सांगा, कोण होतं ते!"

आरडाओरडा ऐकून गोपाल आत आला. सीताफळांची पिशवी त्याच्या हातात होती.

"काय झालं, वहिनी? कोणाले बोलून राह्यल्या?"

तिनं टेबलाकडे बोट केलं. तो वाकला. त्यानं वाचलं.

"काऊन..." तो पुटपुटला.

आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

प्रतिमाचं माहेर नाशिकचं. तिनं ती अक्षरं हिंदीत वाचली होती. गोपालनं आपल्या वऱ्हाडीत वाचली. दोघे भाऊ मोबाईलवर एकमेकांना असंच तर लिहायचे. काऊन म्हणजे का.

ते ‘कोण’ असं विचारतच नव्हतं.

पिशवी खाली पडली. सीताफळं फुटली.

"भाऊ, मले काय मालूम तू खाली हायेस?" गोपाल त्या पडद्याशी बोलत होता. "वावरात कोणी दिसलं नाही. मले वाटलं तू घरी गेला. गव्हाले पाणी द्याचं होतं, म्हून टाकला ऑटो... जाणून नाही केलं रे भाऊ, आईची आन!"

प्रतिमाला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. तिनं त्याच्या थोबाडीत अशी मारली की तिचा स्वतःचाच हात बधिर झाला.

"आठ महिने माझ्या हातचं जेवलास! सोडा म्हणालास मला! चालता हो."

तो चपला न घालताच गेला.

ती डिस्प्लेकडे वळली. धापा टाकत म्हणाली, "ऐकलंत ना? त्यानं सांगितलं. झालं आता."

वरच्या ओळीतली अक्षरं पुसली गेली. पडदा कोरा झाला. ती मटकन खुर्चीत बसली.

आणि मग...

खालच्या ओळीत...

K... A... U... N...

घरात आता ती एकटीच होती.

त्या सकाळी उद्धव म्हणाला होता, "वायर ओली हाय, प्रतिमा. उद्या पाहू." त्याची ही रोजची टाळाटाळ, असं वाटून ती संतापली होती. म्हणाली होती, "आत्ता जा. मोटर सुरू झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नका."

हे त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मध्यंतरी मी उंद्रीला गेले, तेव्हा तिनं मला हे सगळं सांगितलं. डिस्प्ले टेबलावर पालथा ठेवलेला होता. कडेनं निळा उजेड येत होता. वायर एकही जोडलेली दिसली नाही. मी तो उलटायला हात पुढे केला, तर ती अंगावर धावून आली.

"हात लावू नकोस! मला विचारलंय त्यांनी. तुला नाही."

मी चहा न घेताच चिखलीची गाडी पकडली.