चँडलरला पाठवायचा फोटो

फोन गाडीच्या टपावरून घसरला आणि बर्फात नाहीसा झाला. श्रूजबरीत पहाटेपासून चौदा इंच बर्फ पडला होता, अजून पडतच होता, आणि त्यात मी मोरपंखी साडी, वर उघडा कोट आणि खाली गुडघ्यापर्यंत बूट अशा अवतारात उभी होते. टपावर कॉफीच्या मगाला फोन टेकवून, टायमर लावून, स्वतःचाच फोटो काढत होते.

"गेला मेला" असं मी मोठ्यानं म्हणाले असणार. कारण शेजारच्या गाडीवरचा बर्फ झाडणारा तरुण थांबला आणि मराठीतच म्हणाला, "नंबर सांग, मी कॉल करतो."

मी नंबर सांगितला. बर्फ पडताना सगळं इतकं शांत होतं की दोघंही श्वास रोखून ऐकत राहिलो. पुढच्या चाकाजवळून, कुठून तरी खोलातून, दबकी रिंग आली. त्यानं कोपरापर्यंत हात घालून फोन बाहेर काढला आणि स्वतःच्या स्वेटरला पुसून माझ्या हातात दिला.

त्याचं नाव वीर, माझ्याच इमारतीत राहणारा. जन्म इथलाच, सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवतो, आणि बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली होती. मी उल्का, नागपूरची. चार वर्षं इथं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या खोडी काढायचा मला पगार मिळतो. बर्फ असला की घरूनच काढते.

साडीचं कारण मी सरळ सांगून टाकलं. चँडलरला, देशाच्या दुसऱ्या टोकाला ॲरिझोनात, सुशांत नावाचे एक इंजिनियर होते. पत्रिका जुळली होती, दोन्हीकडचे लोक बोलले होते, घोडं फक्त फोटोवर अडलं होतं. सगळ्याच मुली कुंडीशेजारी उभ्या राहून फोटो काढतात, तू बर्फात काढ, उठून दिसशील, असं आईचं म्हणणं होतं. तिकडच्या वाळवंटात बर्फाचं अप्रूप असेल हाही तिचा हिशेब.

वीरनं सगळं गंभीरपणे ऐकलं. "मग किती चांगली दिसायला हवीस? म्हणजे... थोडी, की फुल?"

"लग्न जमेल इतपत."

"ओके," तो म्हणाला. "म्हणजे मला फार मेहनत नाही."

पहिले दोन फोटो राखाडी आले. फोनला एवढं पांढरं झेपत नाही, म्हणून तो सगळंच काळवंडून टाकतो, असं त्यानं मला सातवीतल्या मुलीला समजवावं तसं समजावलं. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावायचं आणि बाजूला दिसणारा छोटा सूर्य वर सरकवायचा. त्यानं बोट लावलं, सूर्य सरकवला, आणि बर्फ बर्फासारखा दिसू लागला. तेवढ्यात थंडीनं बॅटरी उतरली. मग त्यानं फोन थोडा वेळ स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि गरम करून परत दिला. मी तो बराच वेळ हातात धरून ठेवला... थंडी होती.

तिसरा फोटो उत्तम होता. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी मी त्याला मेसेज केला की मागे गाडीची नंबर प्लेट दिसतेय.

"रिजेक्ट?" त्याचा प्रश्न आला.

"रिजेक्ट."

पुढचा महिना असाच गेला. बर्फ पडला की शाळा बंद, आणि शाळा बंद की नऊ वाजता वीर खाली हजर. एरवी आम्ही भेटत नव्हतो. चार हिवाळे ज्या बर्फाला मी शिव्या घातल्या, त्याचाच अंदाज आता दिवसातून तीनदा बघत होते. दुसऱ्या खेपेला लेन्सवर बर्फाचा ठिपका होता. तिसऱ्या खेपेला माझे डोळे मिटले होते. चौथ्या खेपेला बर्फच कमी वाटला, आणखी आण म्हणून मी त्याला सांगितलं. आई नागपुरातून उंटावरून शेळ्या हाकत होती: हस, पण दात नको, पदर नीट घे. फोटोंच्या मधल्या वेळात तो माझा मग धरायचा आणि मी त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकायची. तो फोटोत नव्हता, तरी झटकायची.

त्या चौथ्या दिवशी त्यानं फोन खाली केला. "वन थिंग विचारू? तुला हा सुशांत आवडतो?"

"नाव ठेवण्यासारखं काही नाही त्याच्यात."

"ते मी नाही विचारलं..."

उजेड जातोय, लवकर काढ, असं मी म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते. त्यानं फोटो काढला.

शुक्रवारी आईचा निर्वाणीचा फोन आला. फोटो उद्यापर्यंत गेला नाही तर ती माणसं दुसरं स्थळ बघणार होती. मी अकराच्या अकरा फोटो तिला पाठवून दिले, निवड तूच कर म्हटलं, आणि कामाला बसले. मला रडू येत होतं, आणि ते का येतंय हे नीट ठाऊक होतं. एक फोटो चँडलरला गेला की वीरला खाली बोलवायला मला काही कारण उरणार नव्हतं.

दहा मिनिटांत पुन्हा फोन वाजला.

"यातला एकही मी त्यांना पाठवणार नाही," आई म्हणाली.

"वाईट आलेत?"

"फार छान आलेत. फोन धरून समोर कोण उभं आहे, उल्का?"

मी नाव सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं.

"त्याला माहीत आहे हे?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग मला काय सांगत बसलीस?" ती म्हणाली, आणि चँडलरला नकार मी कळवते असं सांगून तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि शाळा चालू होती. साडेतीनला त्याची गाडी आली तेव्हा मी घरातल्याच कपड्यांत पार्किंगमध्ये उभी होते. दार उघडून तो उतरला, मला बघितलं, मग आभाळाकडे बघितलं.

"आज तर स्नो नाही."

"फोटोही नाही. आईनं चँडलरला नकार कळवला."

"का?"

वाट बघताना मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामी आलं नाही.

"कारण मला तू आवडतोस," मी म्हणाले.

"मी पण," तो म्हणाला. "म्हणजे... मला पण. तू. खूप." पुढचं वाक्य राहूनच गेलं. गाडीचं दार उघडं राहिलं म्हणून आत टुणटुण वाजत होतं, पण ते लावायला एखादा हात मोकळा हवा होता, आणि त्याचे दोन्ही हात माझ्या हातात होते.