पाटीवरचे साडेपाच

केटलीत पाणी तापत ठेवून नोरा एन्टविसल माळ्यावर गेली ती आजीची काठी काढायला. काठी म्हणजे साधीसुधी नव्हे. दोन पुरुष लांब बांबू आणि त्याच्या टोकाला मोडक्या छत्रीच्या तारांचा झुबका. माळ्यावरच्या तुळयांना टेकून ती इतकी वर्षं आडवी पडली होती.

"सापडली का गं?" माळ्याखालच्या खोलीतून तिच्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, अंथरुणातूनच विचारलं.

"सापडली. धूळ खाऊन जाड झालीय. तुझ्यापेक्षा बरी."

वॉल्टर हसला आणि त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत नोरा शिडीवरच उभी राहिली. चाळीस वर्षं गिरणीत माग चालवून त्याच्या छातीत कापूस भरला होता, आणि आता हृदयही थकलं होतं. जिना उतरायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. उतरलाच तर परत वर येईल याची खात्री नाही, असं त्यांनी नोराला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

पण आज नोराचं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि ते आनंदानं. हार्कलिफच्या कापडगिरणीचा भोंगा बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि उद्या शनिवारी 'जुनं हार्कलिफ' मंडळ त्यांची सगळी गल्ली, वीव्हर स्ट्रीट, पुन्हा गिरणीच्या काळात नेणार होतं. बायकांनी शाली काढल्या होत्या, पुरुषांनी बापाच्या टोप्या. वॉल्टरचे लाकडी तळाचे बूट चर्चच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत जाऊन बसले होते. आणि मिरवणुकीच्या पुढे, आजीची काठी खांद्यावर टाकून, नोरा चालणार होती.

तिची आजी एडा या गल्लीची टकटकवाली. घड्याळ घेणं कुणाला परवडायचं नाही, म्हणून प्रत्येक दाराशेजारी एक छोटी पाटी टांगलेली असे. पहाटे किती वाजता उठायचं ते त्यावर खडूनं लिहायचं, की एडा त्या वेळेला येऊन वरच्या खिडकीच्या काचेवर तारा वाजवायची. दोन ठोके सावकाश, तीन घाईघाईनं. तो ठेका तिचा एकटीचा होता. आतून कुणी काचेवर उलटं ठोकून उत्तर दिल्याशिवाय ती खिडकी सोडत नसे, मग बर्फ पडो की गारा. आणि शनिवारी गिरणी सुटली की ती ओलं फडकं घेऊन सगळ्या पाट्या पुसायची. पाटीवर वेळ राहिली तर मला रविवारीही यावं लागतं, म्हणायची. पोरं हसायची. एडा हसत नसे.

"उद्या आपल्या खिडकीवर ठोकीन हं," नोरानं वॉल्टरला चहा देताना बजावलं. "उत्तर द्यायचं. सगळी गल्ली बघत असेल."

"तुझ्या आजीला मी एकदाही दुसऱ्यांदा ठोकायला लावलं नाही," वॉल्टर म्हणाला. "तुला लावीन होय?"

शनिवार असा उजाडला की नोराला तेरा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मंडळाचे अध्यक्ष बर्नार्ड हॉवर्थ सकाळपासून खडू घेऊन दारोदार हिंडत होते. बर्नार्ड आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे अजूनही पुढचा थांबा सांगावा तसे बोलायचे.

"मंडळी, टकटक बरोबर दहाला! पाटीवर साडेपाच लिहिलंय म्हणून कुणी पहाटे उठू नका, इतकं जुनं व्हायचं नाहीये आपल्याला!"

हशा पिकला. नोराच्या पाटीवर मात्र त्यांनी लिहिलं नाही. खडू तिच्या हातात दिला. वॉल्टरची वेळ तिलाच ठाऊक. तिनं लिहिलं, साडेपाच.

टेपवर भोंगा वाजला आणि गल्लीत शंभरेक बुटांचा खडखडाट उठला. नोरानं पहिल्या खिडकीवर काठी नेली. दोन सावकाश, तीन घाईघाईनं. आतून उत्तर आलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी खिडकी, तिसरी खिडकी. म्हाताऱ्या बायका शालीनं डोळे पुसत होत्या. हात भरून आले, पण काठी हलकी वाटत होती.

मग आलं तिचं स्वतःचं घर. तिनं ठोकलं. पडदा हलला नाही. पुन्हा ठोकलं. सगळी गल्ली माना वर करून वाट पाहत होती.

"औषधानं झोप लागली असेल गं त्याला," बर्नार्ड हळूच म्हणाले. "चल पुढे, पाय थंड पडतायत."

"उत्तर मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नसते, बर्नार्ड."

"अगं, तू एडा आहेस का?"

लोक हसले, तीही हसली आणि पुढे निघाली. पण शेवटच्या खिडकीपर्यंत तिला कुणीतरी मागून शाल ओढतंय असं वाटत राहिलं.

संध्याकाळी मांसाच्या पाईवर आणि मटारांवर ताव मारून झाल्यावर ती बादली नि फडकं घेऊन निघाली, तशी बर्नार्डनी तिला अडवलं. उद्या चर्चनंतर वर्तमानपत्राची छायाचित्रकार यायची होती. पुसलेल्या पाट्यांचे कसले फोटो? नोराला पटलं नव्हतं, पण आपली गल्ली पेपरात येणार हा मोह मोठा होता. तिनं बादली ठेवून दिली.

वॉल्टर रुसून बसला होता. "राहून गेलं गं," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा झोपून राहिलो. काय म्हणाले असतील सगळे?"

"काही म्हणाले नाहीत. झोप आता."

काठी तिनं खाली दाराच्या आतल्या बोळात भिंतीलगत आडवी ठेवली आणि दिवा मालवला.

तिला जाग आली तेव्हा खोलीत अंधार होता. वॉल्टर भिंतीकडे तोंड करून पडला होता. काचेवर आवाज होत होता. दोन सावकाश... तीन घाईघाईनं.

पहिल्यांदा तिला रागच आला. गल्लीतल्या कुणा टारगटानं काठी पळवली असणार. ती उठली आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. रस्त्यावर धुकं बसलं होतं. त्या धुक्यातून एक बांबू सरळ वर आला होता आणि तारांचा झुबका तिच्या नाकासमोर काचेवर वाजत होता. खाली बांबू कुणाच्या हातात होता ते दिसत नव्हतं. पण तो ठेका... तो ठेका तिला काल एकदाही इतका अचूक जमला नव्हता.

नोरा पडद्यापासून मागे सरकली. उत्तर द्यायचं नाही, एवढंच तिला कळलं. पण उत्तर दिल्याशिवाय आजी जायची नाही, हेही तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि वेळ लिहिली होती ती वॉल्टरची. उठायचं होतं ते वॉल्टरला.

पाटी!

ती अनवाणी जिना उतरली. बोळात आली आणि तिचा पाय काठीला अडखळला. काठी ठेवली होती तिथंच होती, आडवी, भिंतीलगत. वर काचेवर टकटक चालूच होती.

तिनं देवाचं नाव घेतलं आणि दार उघडलं. बाहेर मशीनच्या तेलाचा आणि तापलेल्या कापसाचा वास होता, ओल्या लोकरीचा वास होता. पंधरा वर्षांत या गल्लीत तो वास कुणाला आला नव्हता. कुणी उभं आहे का ते तिनं पाहिलं नाही. नजर पाटीवर ठेवली, गाऊनच्या बाहीवर थुंकली आणि खडू घासून घासून पुसला. साडेपाच गेले. पाटी काळीभोर झाली.

वरचा आवाज थांबला.

नोरा दार लावून आत आली तेव्हा तिला चक्क हसू येत होतं. जिंकले, असं वाटत होतं. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. या वयात, त्या गुडघ्यांनी.

वॉल्टर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. गेले कित्येक महिने तो आधाराशिवाय उठला नव्हता.

"माझे बूट कुठेत गं?" तो म्हणाला. आवाज खणखणीत होता, खोकल्याचं नाव नव्हतं.

"वॉल्टर... झोप बघू तू."

"झोप काय? केव्हाचं उत्तर दिलं मी. तू बाहेर होतीस तेव्हाच." तो उठून उभा राहिला. "एडाबाईंना थंडीत किती वेळ ताटकळत ठेवायचं? बूट दे, उशीर होतोय."

म्हणजे ठोके पाटी पुसल्यानं थांबले नव्हते. नोरा खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. वॉल्टरनं तिला हळुवार बाजूला सारायला हात पुढे केला, आणि त्या हाताला वीस वर्षांपूर्वीची ताकद होती. जिन्याच्या खाली, बंद दाराबाहेर, कुणीतरी थंडीनं पाय बदलत उभं होतं. फरशीवर लाकडी बुटांचा आवाज होत होता.

"वॉल्टर," ती म्हणाली. तिचं डोकं कसं चाललं ते तिलाच कळलं नाही. "आज रविवार आहे. गिरणी बंद."

तो थांबला. "रविवार?"

"रविवार."

"मग बाईंनी उठवलं कशाला?" तो पुटपुटला. त्याचे खांदे पडले. पुन्हा म्हातारा होऊन तो पलंगावर बसला, आडवा झाला आणि झोपी गेला. बाहेरचा आवाज गल्लीतून दूर जात जात बंद झाला. नोरा उजाडेपर्यंत त्याचा हात धरून बसली आणि प्रत्येक श्वास ऐकून सुखावत राहिली. आपला माणूस आपण हिसकावून परत आणला होता.

चर्चची घंटा झाल्यावर रस्त्यावरून बर्नार्डचा आवाज आला. ती खाली गेली. छायाचित्रकार मुलगी तिच्याच दारापुढे गुडघ्यावर बसून फोटो घेत होती.

"वा, नोरा!" बर्नार्ड खुशीत होते. "पुन्हा लिहिलंस होय? आणि अक्षर काय जुन्या वळणाचं! पण खडू तर माझ्या खिशात होता?"

पाटीवर साडेपाच लिहिलं होतं. पाचाची शेपटी डावीकडे वळलेली, एडा वळवायची तशी. आणि त्याखाली लिहिलं होतं, सोमवार.

नोरानं बाही पाटीवर घासली. मग नखांनी खरवडलं. खडू हलेना.

"अगं, राहू दे की, छान दिसतंय," बर्नार्ड म्हणत होते.

एवढ्यात वर काचेवर आतून आवाज झाला. सगळ्यांनी माना वर केल्या. वॉल्टर खिडकीत उभा होता, ताठ, हसतमुख, केस विंचरलेला. खाली पाटीकडे पाहत त्यानं बोटांनी काचेवर ठोकलं, दोन सावकाश, तीन घाईघाईनं, आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.