नातं : भाऊ

बसा, सांगते. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटांना एक जुनी आणि एक नवी, अशा दोन गोळ्या एकत्र देऊन पाहण्याचा अभ्यास आमच्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात चालू होता. मी त्यातली नर्स. दर महिन्याला पेशंटच्या घरी जायचं, तब्येत विचारायची, उरलेल्या गोळ्या पाहायच्या.

त्या दुपारी शहापूरच्या पुढे रीताकडे गेले. एकोणीस वर्षांची पोर. घर गावाबाहेर, तलावाच्या पाळीला लागून. आभाळ भरून आलेलं, लाइट गेलेली. तिची आई सुलोचनाबाई कामावर गेली होती.

"मी मस्त आहो ताई," रीता हसली आणि गोळ्यांचा डबा आणायला मागच्या खोलीत गेली.

मधल्या खोलीत मी एकटी. नव्या धानाचा कोंदट, उबट वास. बाहेर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. हळूहळू कानावर श्वास आला... आखूड, अर्ध्यात तुटणारा. कोपऱ्यातल्या अंधारात, खाटेवर, घोंगडी पांघरून कुणीतरी बसलं होतं.

"ताई..." तरुण पोराचा दबका आवाज. तिचा भाऊ असेल, मला वाटलं. "तिच्या छातीत दुखून राहिलं. कालपासून."

"ती तर बरी आहे म्हणाली."

"सांगणार नाई थे. तुम्ही अभ्यासातून काढून टाकान म्हणून भेते..." तो थांबला. "मी बी नोतो सांगितलं."

माझ्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. तेवढ्यात रीता आली. मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. चौऱ्याऐंशी. पंच्याण्णवच्या वर हवा होता.

"छातीत दुखतं ना?"

तिचं हसू गेलं. "कोणं सांगितलं तुमाले?"

"तुझ्या भावानं. हा काय, बसलाय ना..."

मी वळले. खाट रिकामी होती. घोंगडी घडी करून उशाशी ठेवलेली.

रीता त्या खाटेकडे पाहत राहिली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

ॲम्ब्युलन्समध्ये तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "योगेंद्रदादाले जाऊन तीन वर्सं झाली, ताई. त्यालेबी हाच आजार होता. छातीतलं दुखणं त्यानं कोणालेच सांगतलं नाई..."

"मास्क लाव," मी म्हटलं आणि तो पुन्हा तिच्या तोंडावर बसवला.

थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी ऑक्सिजन निघाला. "दुखलं म्हणून कुणी अभ्यासातून काढत नसते गं पोरी," डॉक्टरांनी तिला समजावलं, "दुखलं तर सांगायचं." रीता अभ्यासात राहिली. दोन्ही गोळ्या घेते, एसटीनं रोज भंडाऱ्याला नर्सिंगच्या कॉलेजात जाते. वर्ष झालं, तिला पुन्हा भरती व्हावं लागलं नाही.

पण त्या वेळी, दवाखान्यातून तिला सुट्टी झाली त्या दिवशी, तिचा केस पेपर माझ्या हातात आला. सोबत आलेला नातेवाईक : योगेंद्र. नातं : भाऊ. खाली सही आणि मोबाइल नंबर. त्या दिवशी स्ट्रेचरसोबत मी एकटीच होते, आणि मी काहीच लिहून दिलं नव्हतं.

सुलोचनाबाईनं सहीवरून बोट फिरवलं. "त्याचीच हाय. नंबरबी त्याचाच. पण हा तं कवाचाच बंद केला, बाई."

आता दर महिन्याला, रीताकडे जायच्या तारखेच्या आदल्या दिवशी, त्या नंबरवरून माझ्या फोनवर एक मिस्ड कॉल येतो. मी उलटून फोन लावत नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर जाते.